लोलकाचा चष्मा आणि हाताचे शिक्षण

नवा चष्मा घेतला की चष्मेवाला हमखास एक वाक्य ऐकवतो, "दोनचार दिवस त्रास होईल, मग डोळ्याला सवय होईल." वाक्य खोटे नाही. पण त्यातला 'डोळ्याला' हा शब्द मात्र तपासून घेण्याजोगा आहे. सवय होते ती नक्की कोणाला होते? डोळ्याला, मेंदूला की हाताला? गेली दीडशे वर्षे शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा नाना युक्त्यांनी पाठपुरावा केला आहे, आणि त्यासाठी वापरलेले मुख्य हत्यार म्हणजे लोलकाची काच. तिच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आम्ही कामगार चळवळीतले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि गेटसभांत झाले. डोळ्यांच्या शास्त्रावर बोलण्याचा तुम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील तर उत्तर एवढेच की, आम्ही या प्रश्नाकडे गेलो नाही, प्रश्नच आमच्याकडे चालत आला. आला तो एका टर्नरच्या रूपाने. त्याची हकीकत पुढे योग्य जागी येईल. त्याआधी काच समजून घेऊ.

जुन्या वाड्यांत आणि देवळांत झुंबरे असत. त्यांचे त्रिकोणी लोलक लहानपणी डोळ्याला लावून पाहिले नाहीत असा माणूस विरळा. लोलकातून पाहिले की दोन गोष्टी दिसतात. वस्तूंच्या कडांना इंद्रधनुष्याची किनार येते आणि वस्तू आपल्या जागेवरून बाजूला सरकलेली दिसते. लोलक, म्हणजेच प्रिझम, प्रकाशाचा किरण आपल्या जाड बाजूकडे वळवतो, त्यामुळे वस्तू पातळ कडेच्या बाजूला सरकल्यासारखी वाटते. चष्म्यात घालतात तो लोलक झुंबरातल्याइतका तीव्र नसतो. तो एका बाजूला किंचित जाड, दुसऱ्या बाजूला पातळ अशी काच असते. तिच्या शक्तीचे मापही सोपे आहे. एक मीटरवरची वस्तू जी काच एक सेंटिमीटर सरकवते ती एक मापाची, दहा सेंटिमीटर सरकवते ती दहा मापाची. या मापाला प्रिझम डायॉप्टर म्हणतात. आपण नुसते 'माप' म्हणू.

आता एक खेळ. आमच्या युनियनच्या कचेरीत एका विज्ञानशिक्षकांच्या मदतीने आम्ही तो करून पाहिला आहे, आणि कोणालाही तो करता येईल. दोन्ही डोळ्यांपुढे एकाच दिशेने बसवलेले वीस मापाचे लोलक असलेला चष्मा घ्यावा, वस्तू उजवीकडे सरकलेल्या दिसतील असा. दोन मीटरवर जमिनीवर खडूने फुली काढावी आणि तिच्यावर गोटी फेकावी. गणिताप्रमाणे फुली चाळीस सेंटिमीटर उजवीकडे दिसते, म्हणजे जवळजवळ हातभर. पहिली गोटी अर्थातच उजवीकडे जाते. बघणारे हसतात. दुसरी थोडी कमी जाते, तिसरी आणखी कमी, आणि दहाबारा फेकींत नेम लागू लागतो. फेकणाऱ्याला विचारावे तर तो म्हणतो, "आता जमले." मग चष्मा काढावा आणि पुन्हा गोटी फेकावयास सांगावी. उघड्या डोळ्यांनी, रोजच्या स्वच्छ नजरेने फेकलेली ती गोटी फुलीच्या डावीकडे पडते! खरी गंमत येथे आहे. माणूस मनात हिशेब करून 'थोडे डावीकडे फेकू' असे म्हणत असता, तर चष्मा काढताक्षणी त्याने तो हिशेब सोडून दिला असता. पण चूक उलट्या बाजूने उरते. याचा अर्थ असा की, मनाला न विचारता आतले काहीतरी बदललेले असते. ते पुन्हा पूर्ववत होण्यास आणखी काही फेकी लागतात.

हा प्रयोग जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्यांच्या शास्त्रावरील आपल्या मोठ्या ग्रंथात वर्णन करून ठेवला आहे. तो ग्रंथ १८६७ मध्ये पुरा झाला. त्यांची पद्धत साधी होती. लोलकातून वस्तू नीट पाहावी, मग डोळे मिटून तिला हात लावावयास जावे, हात चुकतो. मग काही वेळ डोळे उघडे ठेवून, आपला हात दिसत असताना, वस्तूंना स्पर्श करीत राहावे. आता डोळे मिटून हात नेला तर तो बरोबर पोचतो. आणि लोलक काढला की तोच हात उलट्या बाजूला चुकतो.

यापुढे धाडसी मंडळी आली. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९६ मध्ये आणि पुन्हा पुढच्या प्रयोगात स्वतःच्या एका डोळ्यापुढे भिंगांची नळी बांधली आणि दुसरा डोळा बंद केला. या नळीतून सगळे जग उलटे दिसे, वरचे खाली आणि डावे उजवीकडे. त्यांचा मोठा प्रयोग आठ दिवसांचा होता. नळी नसेल तेव्हा डोळ्यांवर पट्टी, म्हणजे आठ दिवस सरळ जग पाहावयाचेच नाही. पहिल्या दिवशी हात भलतीकडेच जाई, मळमळे, साधे दूध ओतून घेणे म्हणजे संकट. दिवस जात गेले तसे हात-पाय वठणीवर आले, घरात वावरणे सहज होऊ लागले. नळी काढल्यावर जग काही उलटे दिसले नाही, परंतु कित्येक तास सगळे विचित्र, अनोळखी वाटत राहिले आणि हात पुन्हा चुकू लागले.

स्ट्रॅटन यांच्या या प्रयोगाची एक सोपी आवृत्ती सर्वत्र सांगितली जाते की, आठ दिवसांनी त्यांना जग सरळ दिसू लागले. असे झाले असते तर गोष्ट फारच सुरेख झाली असती. पण त्यांनी स्वतः लिहिलेले इतके सरळ नाही. कधी जग सरळ भासे, कधी आपले शरीरच उलटे आहे असे वाटे. ज्या वेळी लक्ष कामात गुंतलेले असे त्या वेळी उलट-सुलट हा प्रश्नच मनात येत नसे. १९९९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी काही माणसांना सहा ते दहा दिवस असले उलटे चष्मे घालून तपासले. सगळ्यांचे व्यवहार सुधारले, हात नीट चालू लागले, पण दिसणे मात्र उलटेच राहिले. आमच्या मते ही बातमी त्या सुरेख गोष्टीपेक्षा अधिक मोलाची आहे. जग उलटे दिसत असतानाही माणूस त्यात सरळ काम करावयास शिकतो, हा शोध काय कमी आहे?

या विषयातला सर्वांत चिवट माणूस मात्र ऑस्ट्रियाच्या इन्सब्रुक गावचा. तेथे थिओडोर एरिस्मान आणि त्यांचे शिष्य ईव्हो कोहलर यांनी अनेक वर्षे तऱ्हेतऱ्हेचे चष्मे बनवले. कोणी डावे-उजवे उलटवणारा, कोणी वर-खाली उलटवणारा, कोणी लोलकाचा. डावे-उजवे उलटवणाऱ्या चष्म्याचा एक पट्टशिष्य तर काही आठवड्यांनी त्या चष्म्यासकट इन्सब्रुकच्या रस्त्यांतून मोटारसायकल चालवू लागला. आपल्याकडच्या चौकांत हे करू नये एवढेच आम्ही म्हणू. येथे साध्या डोळ्यांनीही भागत नाही.

कोहलर यांनी स्वतः लोलकाचा चष्मा १२४ दिवस वापरला. जवळजवळ चार महिने! त्यांच्या नोंदींवरून एक गोष्ट फार स्पष्ट होते, ती ही की 'सवय' नावाची एकच एक वस्तू नाही. लोलक नुसते सरकवत नाही. तो सरळ रेषा वाकवतो, दाराच्या चौकटी धनुष्यासारख्या दिसतात. मान वळवली की जग रबरासारखे ताणले आणि आकसले जाते. कडांना रंगीत किनार येते. यांतला प्रत्येक दोष आपापल्या चालीने जातो. सरकलेपणाची चूक सर्वांत लवकर, काही मिनिटांत किंवा तासांत सुधारते. वाकलेल्या रेषा आणि रबरी हालचाल यांना दिवस आणि आठवडे लागतात. रंगाची किनारही काही दिवसांत फिकी होत जाते. आणि चष्मा काढला की प्रत्येक दोष उलट्या रूपाने परत येतो. खऱ्या सरळ चौकटी उलट्या बाजूला वाकतात, जेथे निळी किनार होती तेथे पिवळी दिसते, आणि हे सारे नुसत्या डोळ्यांना! मेंदूने चष्म्याचा दोष वजा करण्याचे काम हाती घेतलेले असते, आणि चष्मा गेला तरी वजाबाकी काही काळ चालू राहते.

आता मूळ प्रश्न. गोटी फेकताना बदलले ते काय?

१९६३ मध्ये चार्ल्स हॅरिस या अमेरिकन संशोधकाने या प्रश्नाला फार सोप्या युक्तीने हात घातला. लोकांनी लोलकातून पाहत एका हाताने नेमके बोट दाखवण्याचा सराव करावयाचा. सराव झाल्यावर तपासणी तीन तऱ्हांनी. दिसणाऱ्या वस्तूकडे बोट दाखवा. डोळे मिटून एखादा आवाज येईल तिकडे बोट दाखवा. आणि डोळे मिटून नाकासमोर सरळ बोट दाखवा. डोळा बदलला असता तर आवाजाकडे बोट दाखवताना चूक होण्याचे कारण नव्हते. पण सराव केलेला हात तिन्ही वेळी सारखाच चुकला. आणि सराव न केलेला दुसरा हात? तो जवळपास जसाच्या तसा होता. म्हणजे नजर बदलली नव्हती. आपला हात कोठे आहे याची जी आतली जाणीव असते तीच सरकली होती. डोळ्याचे आणि हाताचे भांडण झाले, आणि माघार हाताने घेतली.

हे वाचताना आम्हांस थोडे हसू आले. वरच्या साहेबाचा हिशेब चुकला की शेवटी जुळवून घ्यावे लागते ते खालच्या माणसालाच, असा आमचा अनुभव आहे. परंतु उपमा फार ताणू नये. कारण दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगांत, जेथे माणसाला स्वतःचा हात दिसत नाही पण तो चालतो-फिरतो, तेथे डोळे कोणत्या रोखाने वळले आहेत याची जाणीवही बदलते असे आढळले. ज्या भागावर लक्ष कमी असते, त्याच्याकडून जुळवून घेतले जाते, असा साधारण कल आहे.

आणि येथे रिचर्ड हेल्ड यांचे काम येते. आमच्या मते या सगळ्या कथेचा गाभा तेथे आहे. त्यांनी १९६०च्या आसपास एक साधा प्रश्न विचारला, की पाहणे पुरेसे आहे, की स्वतः करणे आवश्यक आहे? लोलकाचे चष्मे घातलेल्या काही माणसांना त्यांनी स्वतःच्या पायांनी फिरावयास लावले. इतरांना त्याच रस्त्याने चाकांच्या खुर्चीतून फिरवले. दोघांनी पाहिले तेच. चालणारे जुळवून घेऊ लागले. खुर्चीत बसलेल्यांत काही फरक पडला नाही. १९६३ मध्ये हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजरीच्या पिलांवर असाच प्रयोग केला. पिले अंधारात वाढवलेली. एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना दोन पिले. एकाच्या पायाखाली जमीन, ते स्वतः चालते. दुसरे छोट्या पाळण्यात, पहिले चालेल तसे ते फिरते. भोवती उभ्या पट्ट्यांची भिंत. दोघांच्या डोळ्यांना तेच दिसले, तेवढाच वेळ दिसले. पण चालणारे पिलू कड्याची बाजू ओळखून टाळावयास शिकले, खाली ठेवताना पंजे पुढे करू लागले. पाळण्यातल्याला ते जमेना. पुढे मोकळे सोडल्यावर मात्र तेही थोड्या दिवसांत शिकले.

हा निष्कर्ष कामगाराच्या माणसाला किती गोड लागतो, हे सांगावयास नको. पण गोड लागले म्हणून पुढचे वाचन थांबवू नये. नंतरच्या संशोधकांनी दाखवले की, स्वतः हालचाल करणे हीच एकमेव वाट नाही. खुर्चीत बसलेल्या माणसालाही आपली नजर चुकते आहे हे स्पष्ट कळण्याची सोय केली, उदाहरणार्थ समोर दूर दिसणारी काठी प्रत्यक्षात त्याच्या ओठाला लागली, तर त्याचेही शरीर जुळवून घेऊ लागते. तेव्हा खरे सूत्र असे दिसते की, चूक झाली आहे ही बातमी शरीरापर्यंत पोचली पाहिजे. काम करणाऱ्याला ती बातमी क्षणोक्षणी मिळते, बसणाऱ्याला क्वचित मिळते, फरक एवढाच.

ही बातमी मेंदूत जाते कोठे? मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या भागात लहान मेंदू असतो. अमेरिकेत सेंट लुई येथील वैद्यांनी १९९६ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लोलकाच्या चष्म्यातून मातीचे गोळे नेमावर फेकावयाचे, आमच्या गोट्यांचाच खेळ. ज्यांचा लहान मेंदू आजाराने बिघडलेला होता त्यांतल्या अनेकांचा नेम फेकीमागून फेकी चुकतच राहिला आणि चष्मा काढल्यावर उलटी चूकही झाली नाही. काही शिकलेच नव्हते, तर उतरणार काय? याच प्रयोगांत दुसरी मोठी मजेदार गोष्ट सापडली. खांद्यावरून फेकण्याचा सराव केला तर तो खालून फेकण्याच्या कामी बहुतेकांना आलाच नाही. हात तोच, चष्मा तोच, फुली तीच! क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून फेकणारा आणि जवळून खालच्या हाताने यष्टी उडवणारा हे एकाच देहातले दोन वेगळे कामगार आहेत, आणि दोघांना स्वतंत्र शिकवावे लागते. मात्र कित्येक आठवडे चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय आलटून पालटून सराव केलेल्यांना दोन्ही हिशेब एकाच वेळी बाळगता येऊ लागले. चष्मा चढवला की पहिलीच फेक बरोबर, काढला तरी बरोबर.

उरणारी उलटी चूक नुसती गंमत नाही, याचा दाखला फ्रान्सने दिला. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा आघात झाला की काही रोग्यांचे डाव्या बाजूचे भानच हरपते. डोळे शाबूत असतात, पण ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाढी अर्ध्याच चेहऱ्याची होते. १९९८ मध्ये लिओं येथील ईव्ह रोसेत्ती आणि सहकाऱ्यांनी अशा रोग्यांना जग उजवीकडे दहा अंश सरकवणारा चष्मा घालून सुमारे पन्नास वेळा बोट दाखवावयास लावले. चष्मा काढल्यावर त्यांचा हात डावीकडे झुकला, आणि हाताबरोबर लक्षही काही प्रमाणात डावीकडे वळले. चित्रांतली हरवलेली डावी बाजू परत येऊ लागली. हा परिणाम निदान दोन तास टिकला. पुढे जगभर या उपायाच्या चाचण्या झाल्या. काहींत गुण आला, काहींत आला नाही. तेव्हा रामबाण म्हणता येत नाही, पण काही मिनिटांच्या खेळाने एवढे घडावे हे विलक्षण आहे.

येथवर दोन्ही डोळ्यांपुढे एकाच दिशेचा लोलक होता. दवाखान्यात लोलक दिला जातो तो वेगळ्या कामासाठी. दोन डोळे एकाच वस्तूवर रोखले गेले तरच वस्तू एक दिसते. प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी धरलेला आहे, म्हणजे दोघांचे मिळून बारा. त्यांत थोडा असमतोल बहुतेकांत असतोच आणि मेंदू तो सांभाळून घेतो. असमतोल फार झाला की डोके दुखते, अक्षरे पळतात, किंवा वस्तू दोन दिसतात. मग वैद्य एका किंवा दोन्ही काचांत लोलक घालून, डोळे वळवण्याऐवजी चित्रच थोडे सरकवून डोळ्यांपुढे आणतात.

आणि या ठिकाणी खरोखर डोळ्यांनाच सवय होते, आणि ती कधीकधी वैद्याच्या मुळावर येते. निरोगी माणसाला थोड्या मापाचा लोलक दिला तर पहिल्या क्षणी ताण पडतो, मग डोळे वळून चित्रे जुळतात. दहापंधरा मिनिटांनी त्याच लोलकासह मोजणी केली तर स्नायूंचा समतोल बराचसा पूर्वीच्याच जागी आलेला आढळतो. डोळ्यांनी लोलक 'खाऊन टाकलेला' असतो. ज्याचे डोळे असे पटकन जुळवून घेतात त्याला बहुधा लोलकाची गरजच नसते. ज्याचे डोळे हे करू शकत नाहीत त्यालाच त्रास असतो, आणि त्यालाच लोलक टिकाऊ उपयोग देतो. म्हणून चांगला नेत्रतज्ज्ञ घाई करीत नाही. लोलक लावून काही वेळ बसवून ठेवतो आणि पुन्हा मोजतो. वय वाढते तशी ही जुळवून घेण्याची शक्ती मंदावते, त्यामुळे तरुणपणी ज्याचा पत्ताही नव्हता असा असमतोल उतारवयात डोके वर काढतो.

लोलक आपल्याला लागू नाही असे कोणी समजू नये. प्रत्येक नंबरच्या काचेत, मध्य सोडून कडेने पाहिले की लोलक लपलेला असतोच. हिशेब सोपा आहे. नंबर गुणिले मध्यापासूनचे सेंटिमीटर. उणे चार नंबरच्या काचेचा मध्य बुबुळापासून अर्धा सेंटिमीटर सरकला की दोन मापाचा लोलक तयार झाला, वैद्याने न लिहिता! शिबिरांत ढिगातून उचलून दिलेल्या किंवा रस्त्यावर घेतलेल्या चष्म्याने नंबर बरोबर असूनही डोके का दुखते, याचे एक कारण हे आहे. पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात भिंग बसवत नसत, तेव्हा अधिक दहाच्या आसपासची जाड काच देत. तिच्यातून वस्तू चौथाईहून अधिक मोठ्या आणि जवळ दिसत. आपल्यातल्या अनेकांचे आजोबा पेला धरावयास जाऊन हवेत मूठ मिटत असत. ते त्यांचे म्हातारपण नव्हते, ती काच होती.

आता आमच्या टर्नरची हकीकत. वय पंचेचाळीस, मधुमेह बरीच वर्षे. एके सकाळी उठला तो लेथचे चक दोन दिसू लागले. मधुमेहात डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या स्नायूच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, तसे झाले होते. उजवा डोळा आत वळला होता. असा मज्जातंतू बहुधा काही आठवड्यांत ते तीनचार महिन्यांत सावरतो. तोवरची सोय म्हणून नेत्रतज्ज्ञ बाईंनी त्याच्या उजव्या काचेवर प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा चिकटवला. त्यावर बारीक रेघा असतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक चिमुकला लोलक. फ्रान्सच्या फ्रेनेल या अभियंत्याने १८२०च्या दशकात दीपगृहांच्या भिंगांसाठी काढलेली ही युक्ती. एकसंध काच फार जाड झाली असती, पापुद्रा मिलिमीटरभर. त्यातून थोडे धूसर दिसते, एवढी त्याची किंमत.

चष्मा लागला आणि समोरचे एक झाले. कारखान्याच्या कचेरीने ताबडतोब म्हटले, नजर आली, आता मशिनवर या. कारखान्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. असे कारखाने पुष्कळ आहेत. पण त्या माणसाची नजर फक्त नाकासमोर आली होती. मान न वळवता उजवीकडे पाहिले की पुन्हा दोन चके, आणि त्यांतले फिरणारे खरे कोणते हे बोटाला कसे कळावे? आम्ही बाईंना जाऊन भेटलो. त्यांनी अर्धा तास समजावून सांगितले आणि लिहून दिले. डोळा वळवण्याऐवजी मान वळवण्याची सवय लागली पाहिजे, अंतराचा अंदाज पुन्हा बसला पाहिजे, आणि हे घरी निजून होत नाही. ज्या कामात चूक झाली तर दिसते पण बोट जात नाही, अशा कामाने होते. त्या कागदावर आम्ही दोनदा व्यवस्थापनाशी बसलो. मागणी रजेची नव्हती. दोन आठवडे बाकावर कानस मारण्याचे आणि मोजमापाचे काम, पगार पुरा. व्यवस्थापन म्हणाले, हलके काम तर हलका पगार. आम्ही म्हटले, हा माणूस त्या दोन आठवड्यांत तुमच्या लेथसाठी आपला हात नव्याने घडवतो आहे, ती उमेदवारी तुमच्याच कामाची आहे. शेवटी दहा दिवस पुऱ्या पगारावर मिळाले.

कानशीच्या कामाने काय झाले ते त्यानेच सांगितले. पहिल्या दिवशी खुणेची रेघ आणि कानशीची धार जुळेना. तिसऱ्या दिवशी जुळू लागली. मान आपोआप वळू लागली. जिना मात्र बराच काळ फसवत राहिला, कारण पायाकडे पाहताना नजर पापुद्र्याच्या खालच्या भागातून जाते. बाकावर शिकलेला हात पायाला काही शिकवीत नाही, हे वर सांगितलेच आहे. लेथवर गेल्यावरही पहिले दोन दिवस जोडीला एक माणूस ठेवला होता. तीही मागणी लेखी होती.

पुढे मज्जातंतू सावरू लागला तेव्हा नवीच भानगड झाली. डोळा सरळ होऊ लागला, पण लोलक तोच, म्हणून दोन दिसणे पुन्हा सुरू झाले, या वेळी उलट्या बाजूने. माणूस घाबरला, आजार वाढला असे त्याला वाटले. बाई म्हणाल्या, हे बरे होण्याचे लक्षण आहे, आणि त्यांनी कमी मापाचा पापुद्रा लावला; काही आठवड्यांनी तोही काढला. चष्मा लागतो त्या दिवशी सूचना देणारे पुष्कळ असतात. लोलक काढतात त्या दिवशी कोणी काही सांगत नाही, कारण सगळ्यांना वाटते माणूस आता मोकळा झाला. हात, मान आणि पाय मात्र अजून काढलेल्या काचेचा हिशेब चालवीत असतात. म्हणून आमच्या पुढच्या मागणीपत्रात लोलक लागल्यानंतरच्या दिवसांबरोबर तो काढल्यानंतरचे दोन दिवसही मशिनपासून दूर, पुऱ्या पगारावर, असे कलम आम्ही घातले आहे. ते अजून मान्य व्हावयाचे आहे. तोवर ज्याचा लोलक निघाला असेल त्याने त्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा.